नथ्थूअप्पा आणि उद्याची बातमी

आमचे नथ्थूअप्पा उद्या होणाऱ्या कार्यक्रमाची बातमी आजच लिहायचे. आणि ती "होणार आहे" अशी नव्हे, चक्क "झाला" अशी. ज्या सभामंडपाचं उद्या उद्घाटन, त्याचे खांब अजून ट्रॅक्टरमध्ये आडवे पडलेले असायचे, आणि अप्पा इकडे माझ्या दुकानातल्या स्टुलावर बसून मला सांगायचे, "लिखा ताई, टाळ्यांच्या प्रचंड गजरात."

शहाद्याला स्टँडजवळ माझं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे. लग्नपत्रिका, बायोडेटा, तलाठ्याला अर्ज, दशक्रियेची कार्डं, जे येईल ते मी टाइप करते. अप्पा एका दैनिकाचे वार्ताहर. त्यांच्या बातम्या मीच टाइप करून पेपरला पाठवायचे. राहायलाही आम्ही शेजारी, लोणखेड्याला, भिंतीला भिंत. काकू बऱ्याच वर्षांपूर्वी नातवाला सांभाळायला म्हणून सुरतला लेकाकडे गेल्या त्या तिकडच्याच झाल्या. तेव्हापासून अप्पा एकटे. मी कधी भाजी-भाकरी पाठवली की डबा धुऊन परत यायचा आणि दारातूनच आवाज यायचा, "भोजन उत्साहात संपन्न."

हा "संपन्न" त्यांच्या जिभेला असा काही चिकटला होता की विचारू नका. चहाचा कप खाली ठेवला, चहा संपन्न. एसटीतून उतरले, प्रवास संपन्न. माझ्या सासूबाई गेल्या तेव्हा स्मशानातून परत आल्यावर मला म्हणाले, "ताई, सगळं व्यवस्थित सं..." आणि जीभ चावली. त्या दुःखातही माझे मिस्टर तोंड फिरवून हसले, ते मी पाहिलं.

घरी-दारी आम्ही सगळे अहिराणीच बोलतो. अप्पाही. पण पेन हातात घेतलं की त्यांच्या अंगात दुसराच कोणी तरी यायचा. "यावेळी व्यासपीठावर मान्यवर उपस्थित होते" हे वाक्य ते न बघता, न श्वास घेता म्हणू शकत. मी त्यांना म्हणायचे की अप्पा, व्यासपीठच नाहीये, शेतात कार्यक्रम आहे. ते म्हणायचे, मान्यवर जिथे उभे राहतात ते व्यासपीठ.

उद्याची बातमी आज का, याचंही कारण होतं. त्यांचा पेपर छापतो दूर, दुसऱ्या जिल्ह्यात. आमचं पान संध्याकाळ व्हायच्या आत छपाईला सुटतं. पुढारी येतात दिवेलागणीला. मग बातमी शिळी होते आणि पुढाऱ्याचं तोंड वाकडं. म्हणून अप्पांनी हा मार्ग काढला: बातमी आदल्या दिवशीच लिहून ठेवायची आणि कार्यक्रमाच्या दिवशी दुपारीच पाठवून द्यायची. कार्यक्रमपत्रिका आधी हातात येते, कोण बोलणार ते कळतं, आणि काय बोलणार ते तर सगळ्या तालुक्याला पाठ आहे. मी एकदा विचारलं की हे खोटं नाही का. अप्पांना मनापासून वाईट वाटलं. म्हणाले, "खोटं काय शे त्यामा? जे व्हनार तेच मी लिखस."

एकदा एका शाळेचं स्नेहसंमेलन होतं. त्या संध्याकाळी असं वादळ सुटलं की मांडव उडून शेजारच्या केळीच्या बागेत जाऊन पडला. पोरं नटूनथटून रडत घरी गेली. सकाळी पेपरात छापून आलं: "बालकलाकारांच्या बहारदार नृत्यांना रसिकांची भरभरून दाद." मला वाटलं आता हेडमास्तर अप्पांना धरणार. हेडमास्तर आले ते माझ्याच दुकानात, बातमीची रंगीत झेरॉक्स मागायला. फ्रेम करून ऑफिसात लावायची होती. म्हणजे चुकलं कोणाचं, तुम्हीच सांगा. कोणीच तक्रार करत नव्हतं, आणि अप्पा दिवसेंदिवस तरबेज होत चालले होते.

त्यांच्याकडे विशेषणांचंही माप होतं. पेपर वार्ताहराला पगार देत नाही, जाहिराती आणल्या तर त्यातला वाटा मिळतो. पुढाऱ्याचा वाढदिवस आला की शुभेच्छांची पुरवणी निघते, आणि वार्ताहर गावोगाव फिरून शुभेच्छा गोळा करतो. तर छोटी चौकट देणारा अप्पांच्या बातम्यांत वर्षभर "लोकप्रिय" असायचा. पाव पान देणारा "कार्यसम्राट". अर्ध्या पानाला "विकासपुरुष". एकाने पुरवणीत काहीच दिलं नाही, तर त्याचं नाव वर्षभर "आदींमध्ये" जायचं. "आदी उपस्थित होते" यातला तो आदी. बिचारा सरपंच होता.

मला हसू यायचं आणि रागही यायचा. टीव्हीवरचे मोठमोठे अँकर काय वेगळं करतात? तेही उद्याचं आजच सांगतात, फक्त त्यांच्या केसांना कंगवा फिरवायला माणूस असतो. आमच्या अप्पांच्या शर्टाला खिशाजवळ शाईचा डाग असायचा, एवढाच काय तो फरक.

पण अप्पा पहिल्यापासून असे नव्हते. माझं लग्न होऊन मी लोणखेड्याला आले तेव्हा ते लुना घेऊन सातपुड्यात वर वर जायचे. जिथे लुना चढत नाही तिथे पायी. शाळेत मास्तर येत नाही, दवाखान्याला कुलूप आहे, असं काहीबाही पाहून यायचे आणि लिहायचे. पेपर ते छापायचा नाही. छापलं तर आतल्या पानावर, सिनेमाच्या जाहिरातीखाली, चार ओळींत. एकदा साहेबांच्या, म्हणजे आमच्या भागातल्या सगळ्यात बड्या पुढाऱ्याच्या, विरोधातली बातमी छापून आली, तर पुरवणीच्या जाहिराती अर्ध्यावर आल्या आणि संपादकांनी अप्पांना बोलावून अर्धा दिवस बाहेरच्या बाकावर बसवून ठेवलं. त्यानंतर लुना गॅरेजला गेली ती तिथेच राहिली. अप्पा खालीच राहून वरच्या बातम्या लिहायला लागले.

आणि मग तो नळ आला.

सातपुड्यात एक पाडा आहे. नाव सांगत नाही, असे पाडे वर पुष्कळ आहेत. तिथे नळपाणी योजना झाली, पाइप टाकले, टाकी बांधली, एक नळही उभा केला. साहेबांच्या हस्ते उद्घाटन ठरलं. अप्पा शिरस्त्याप्रमाणे आदल्या दिवशी दुकानात आले आणि त्यांनी सांगितलेली बातमी मी टाइप केली. पाड्यावर गंगा अवतरली, आदिवासी भगिनींनी साहेबांना ओवाळलं, ढोल वाजले. शेवटी त्यांना वाटलं की एखाद्या बाईचे दोन शब्द हवेत, त्याशिवाय बातमीला ओल येत नाही. डोळे मिटून त्यांनी सांगितलं: "'आता डोक्यावरचा हंडा उतरला. साहेब देवासारखे धावून आले,' अशी भावना रुमालीबाई यांनी साश्रू नयनांनी व्यक्त केली." मी विचारलं, ही रुमालीबाई कोण? अप्पा म्हणाले, आहे एक, आणि उठून गेले.

दुसऱ्या दिवशी साहेब आले, पण पाड्यावर गेलेच नाहीत. खालीच एका कार्यकर्त्याच्या बंगल्यावर जेवण झालं. श्रीखंड होतं, वरचा रस्ता खराब होता, ऊन मी म्हणत होतं. मग कोणाच्या तरी सुपीक डोक्यातून निघालं की साहेब नळाकडे जाऊ शकत नाहीत तर नळाने साहेबांकडे यावं. बंगल्याच्या अंगणात प्लॅस्टिकची टाकी भरून ठेवली, तिला एक तोटी लावली, तोटीला फीत बांधली. साहेबांनी फीत कापली, तोटी फिरवली, ओंजळीत पाणी घेतलं. फोटो छान आला. अप्पांच्या बातमीशेजारी तोच छापला.

वरच्या नळाला पाणी आलंच नाही. पाइपलाइन मध्येच कुठे तरी जोडायची राहिली होती. पण कागदोपत्री योजना पूर्ण झाली, आणि फायलीत पुरावा म्हणून अप्पांच्या बातमीचं कात्रण लागलं.

उन्हाळा तापला तेव्हा, एका बाजाराच्या दिवशी, एक म्हातारी बाई दुकानात आली. डोक्यावर पदर, हातात चांदीची जाड कडी, पाय धुळीने पांढरे. सोबतच्या बायका बाहेर सावलीला बसल्या. तिला अर्ज टाइप करून हवा होता. मोडक्या मराठीत तिने सांगितलं की पाड्यावर पाणी नाही, टँकर पाठवा म्हणून त्या पाण्याच्या कचेरीत गेल्या होत्या. तिथल्या बाबूने फाइल उघडून पेपरचं कात्रण दाखवलं आणि वाचून दाखवलं. वर म्हणाला, तुमच्याकडे पाणी आलं आहे, असं तुम्हीच पेपरात सांगितलंय, मग टँकर कसा देणार? त्या बाबूला खरं माहीत नव्हतं अशातला भाग नाही. तोच साहेबांच्या मागे छत्री धरून अंगणात उभा होता, फोटोत दिसतो. पण त्याला कागद पुरेसा होता.

मी नाव विचारलं. ती म्हणाली, "रुमाली."

स्टुलावर अप्पा बसले होते. कुठल्याशा शिबिराची उद्याची बातमी सांगत होते.  रुमालीबाईने त्यांना ओळखलं नाही. तिने मलाच विचारलं, "मी असं नाय बोलली, बाई. मी कोणाला भेटलीच नाय. मग माझ्या नावाने कोण बोलला?"

मला वाटलं अप्पा आता हळूच उठून निघून जातील. तसं झालं असतं तर मला नवल वाटलं नसतं. पण ते म्हणाले, "मी."

मग जे कळलं ते असं. लुनाच्या दिवसांत अप्पा एकदा त्या पाड्यावर पोचले होते ते उन्हाने घेरी येऊन. तेव्हा या बाईने त्यांना सावलीत बसवून पाणी पाजलं होतं. डोंगराच्या उतारावर एक झिरा होता, वाटी वाटीने पाणी साठतं असा, तिथून तिने आणलेलं. अप्पांनी पूर्ण तांब्या पिऊन टाकला आणि मग त्यांना दिसलं की हंड्यात तेवढंच होतं. त्यांनी त्यावर बातमी लिहिली होती. ती छापली नव्हती. "वरनं एकच नाव माले याद व्हतं, ताई," अप्पा माझ्याकडे बघून म्हणाले. तिच्याकडे बघायचा त्यांना धीर होईना.

रुमालीबाई रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली की तो झिरा आटला. आता त्याच्याही खाली उतरावं लागतं.

त्या दिवशी अप्पांनी कितीतरी वर्षांनी झालेली गोष्ट झाल्यानंतर लिहिली. नळाला पाणी नाही, उद्घाटन पाड्यावर झालंच नाही, आधीची बातमी चुकीची होती. मी टाइप केली आणि पाठवली. थोड्याच वेळात पेपरमधून फोन आला. अप्पांनी स्पीकर सुरू केला, कारण त्यांना ऐकू कमी येतं. पलीकडचा माणूस गोड बोलत होता. अप्पा, तब्येत बरी आहे ना? साहेबांच्या वाढदिवसाची पुरवणी तोंडावर आली आहे, आपल्या तालुक्यातून अजून काहीच आलेलं नाही, आणि तुम्ही हे काय पाठवता? बातमी छापणार नाही असं तो शेवटपर्यंत म्हणाला नाही. छापलीही नाही.

अप्पा कचेरीत गेले. तिथे अधिकाऱ्यांनी त्यांना चहा पाजला आणि समजावलं. तुम्ही तोंडी सांगून काय उपयोग, अप्पा, पेपरात छापून आलं तर आम्ही विचार करू. इतकी वर्षं अप्पांनी छापून आणलेलं कोणी तपासायला वर गेलं नव्हतं, आणि आता ते स्वतः खरं सांगत होते तर त्याला छापील कागद लागत होता.

मग अप्पांनी एक शक्कल काढली, आणि ती फक्त पुरवण्यांमध्ये हयात घालवलेल्या माणसालाच सुचू शकते. पुरवणीतल्या शुभेच्छा पेपरमध्ये कोणीही वाचत नाही. साहेबांचा फोटो सरळ आहे ना आणि शुभेच्छुकांत कोणी राहिलं नाही ना, एवढंच बघतात. पुढच्या बाजाराला रुमालीबाई आली तेव्हा अप्पांनी तिला स्टुलावर बसवलं, स्वतः उभे राहिले आणि विचारलं, "तू सांग बाई, मी लिखस. तू सांगशी तितलंच." तिने हळूहळू सांगितलं. अप्पा लिहून घेत होते आणि प्रत्येक वाक्य तिला वाचून दाखवत होते. एके ठिकाणी त्यांनी सवयीने "साश्रू नयनांनी" घातलं. तिने विचारलं हे काय? अप्पांनी ते खोडलं.

जाहिरात मीच बसवली. वर साहेबांचा हसरा फोटो, भोवती गुलाबाची किनार. "साहेबांना वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा. आपण उद्घाटन केलेल्या आमच्या नळाला पाणी आलेले नाही. पेपरात माझ्या नावाने छापलेले मी बोलले नाही. साहेब, एकदा वर या, आमच्याकडचे पाणी प्या. शुभेच्छुक: रुमालीबाई व समस्त पाडा." आणि त्याखाली, बारीक अक्षरात: "आधीची खोटी बातमी लिहिणारा: नथ्थू पाटील, वार्ताहर." मी म्हटलं, अप्पा, ही शेवटची ओळ काढू या. ते ऐकेनात. इतक्या वर्षांत पेपरात त्यांचं नाव कधी आलं नव्हतं, फक्त कंसात "वार्ताहर" यायचं. नाव आलं ते हे.

पुरवणी निघाली. एका विकासपुरुषाच्या आणि दोन कार्यसम्राटांच्या मधोमध ती चौकट बसली होती. सकाळी स्टँडवर ज्याच्या त्याच्या हातात तेच पान. लोक हसले, टाळ्या दिल्या, मोबाइलवर फोटो फिरले. दुपारपर्यंत एक कार्यकर्ता दुकानात आला, माझ्या झेरॉक्स मशीनकडे नीट बघून निघून गेला. संध्याकाळी पेपरने अप्पांचं ओळखपत्र परत मागवलं. साहेब वर गेले नाहीत, हे सांगायला नकोच. त्यांनी म्हणे एका मुलाखतीत लोकशाहीत टीकेचं स्वागत आहे असं सांगितलं, आणि तेही पहिल्या पानावर आलं.

अप्पा आणि रुमालीबाई ती पुरवणी घेऊन कचेरीत गेले. मी दुकान बंद करून सोबत गेले, कारण मला बघायचं होतं. अधिकाऱ्याने चष्मा लावून चौकट दोनदा वाचली. मग पान घडी करून परत दिलं आणि म्हणाला, "अप्पा, ही जाहिरात आहे. बातमी नाही. जाहिरात पुरावा म्हणून चालत नाही."

बाहेर आल्यावर अप्पा पायऱ्यांवरच बसले. "पहिली बी जाहिरातच व्हती ना, ताई," म्हणाले. रुमालीबाईला सगळं कळलं नसावं, पण टँकर मिळणार नाही एवढं कळलं. ती त्यांच्या शेजारी बसली. बाजाराची वेळ होती, लोक येत-जात होते, आणि आम्ही तिघं तिथे कोणी दगावल्यासारखे बसून होतो. मला त्या अधिकाऱ्याचा, साहेबांचा, पेपरचा, सगळ्यांचा संताप आला होता. अप्पांचाही आला होता. चांगला लुना घेऊन फिरणारा माणूस, कोणी सांगितलं होतं खाली बसायला?

त्यानंतर अप्पांचं दुकानात येणं कमी झालं. घरीही शांतता. मी भाजी पाठवली की डबा धुऊन परत यायचा, पण दारातून आवाज यायचा नाही. मी त्यांच्या लेकाला सुरतला फोन करून कळवलं. तो म्हणाला, बाबांना इकडे पाठवा. अप्पा म्हणाले, बघू.

एका बाजाराच्या दिवशी मी दुकान आवरून निघाले, तर वर जाणाऱ्या जीपमध्ये अप्पा बसलेले दिसले. जीप खच्चून भरलेली. टपावर पोती, मागे लोंबकळणारी माणसं, आणि मधल्या बाकावर पाड्याच्या बायकांमध्ये अंग चोरून अप्पा. मांडीवर पाण्याचा निळा जार होता. आमच्या लोणखेड्याच्या फिल्टर पाण्याच्या प्लांटवर मिळतो तो. दोन्ही हातांनी त्यांनी तो घट्ट धरला होता.

ड्रायव्हर म्हणाला, "हाई अप्पा दर बाजारले येतस. रुमालीबाईना घरले जार उतारतस न् मन्हाच गाडीमा वापस येतस." पहिल्यांदा त्याने जारचं वेगळं भाडं मागितलं होतं. पाणी कुठे चाललंय ते कळल्यावर सोडून दिलं.

मी खिडकीशी गेले. मला हसावं की रडावं कळत नव्हतं. म्हटलं, अप्पा, अख्ख्या पाड्याला या एका जारने काय होणार आहे?

त्यांनी मला कधी खोटं सांगितलं नव्हतं, त्या दिवशीही नाही सांगितलं. म्हणाले, काहीच नाही होत. तिच्या घरची दोन नातवंडं पितात, संध्याकाळपर्यंत संपतं.

मग जीप सुरू झाली. जार हिंदकळला तसा त्यांनी तो छातीशी धरला आणि आवाजावर आवाज चढवून मला म्हणाले, "मी लिखेल शे ना, ताई, नळले पानी उनं म्हनीसन. मंग थोडं तरी पोचाडनं पडी ना."